बंदुकीचा कायदा कुणाला घाबरतो?



आमचं जबलपूर हत्यारांचं गाव. इथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. गावात तोफगाडे बनतात, पण गावातल्या माणसाला घरात साधी बंदूक ठेवायची तर परवाना लागतो. मग कुणीतरी म्हणतंच, "अमेरिकेत बघा, तिथे पहिल्यापासून मोकळीक." हे 'पहिल्यापासून' कितपत खरं, ते आज पाहू.

1783 सालचं बॉस्टन घ्या. इंग्रजांशी युद्ध नुकतंच संपत आलं होतं. ज्यांनी बंदुकीच्या जोरावर राज्य मिळवलं, त्यांनीच त्या वर्षी कायदा केला की, बॉस्टन शहरात घर, दुकान, गोठा, कोठार अशा कुठल्याही इमारतीत भरलेली बंदूक ठेवायची नाही. कारणही कायद्यातच लिहिलं होतं. आग लागली की विझवायला धावणाऱ्या माणसांच्या जिवाला या भरलेल्या बंदुकांचा धोका असतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने बंदुकीच्या दारूवर मर्यादा घातली. जास्तीत जास्त 28 पौंड, म्हणजे साधारण पावणेतेरा किलो, आणि तीही चार दगडी किंवा पत्र्याच्या भांड्यांत वाटून.

हे परक्या राजाने लादलेले नियम नव्हते. लाकडी घरं, अरुंद रस्ते, एक ठिणगी पडली तर आळीच्या आळी खाक. दीक्षितपुऱ्यासारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या वस्तीत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण अमेरिकेचे सगळेच जुने कायदे इतके सरळ नव्हते. व्हर्जिनियात 1680 सालीच गुलामांना हत्यार बाळगायला बंदी झाली होती. 1777 मध्ये पेनसिल्व्हेनियाने नव्या राज्याशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची शस्त्रं काढून घ्यायचं ठरवलं. म्हणजे एकाच देशात, एकाच काळात दोन जातीचे कायदे होते. एक आगीला घाबरणारा, दुसरा माणसाला घाबरणारा. कुठलाही शस्त्रकायदा वाचताना हा फरक आधी तपासावा.

आता आपल्याकडे येऊ. जबलपूर 1781 पासून सागरच्या मराठ्यांकडे, 1798 पासून नागपूरकर भोसल्यांकडे होतं. 1817 मध्ये इंग्रज आले. 18 सप्टेंबर 1857 रोजी याच शहरात गोंड राजा शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा कोणता? देवीला शत्रूचा नाश करायला सांगणारी एक लेखी प्रार्थना. त्याच रात्री इथली 52वी देशी पलटण बंड करून निघून गेली.

सत्तावन्नची ही धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नाही. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला हत्याराला परवाना, आणि नियमांत युरोपियनांना सूट. बंदूक तीच, धोका तोच, पण बाळगणारा गोरा असेल तर कायद्याला चिंता नाही! त्याच वर्षी लिटनने देशी वृत्तपत्रांवरही कायदा आणला. तो रिपनने 1882 मध्ये रद्द केला. शस्त्रकायदा मात्र राहिला. 1887 च्या मद्रास काँग्रेसने ठराव करून सांगितलं की, या कायद्याने लोकांना त्रास तर होतोच, वर त्यांच्या निष्ठेवर नाहक ठपका येतो.

गंमत म्हणजे त्याच सरकारने 1884 मध्ये स्फोटक पदार्थांचाही कायदा केला. स्फोटकं बनवणं, साठवणं, विकणं, नेणं यांवर त्याने नियम घातले. तो आजही चालू आहे. दिवाळीला फटाक्यांची दुकानं वस्तीबाहेरच्या मैदानात लागतात, तेव्हा तुम्ही बॉस्टनच्या जातीचाच कायदा पाहत असता.

स्वातंत्र्य आल्यावर हा प्रश्न पुन्हा निघाला. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात, नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यायचा हक्क प्रत्येकाला दिला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. शस्त्र धरणं हा हक्क म्हणून मागण्यापेक्षा देशासाठी कर्तव्य मानावं, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती फेटाळली गेली. कलम 19 मध्ये शस्त्रांचा उल्लेख आहे, पण उलट्या बाजूने. सभा भरवा, पण शांततेने आणि विनाशस्त्र. 1878 चा कायदा जाऊन 1959 चा आला. परवाना राहिला, गोऱ्यांची सूट गेली.

कामतांचा राग खोटा नव्हता. निःशस्त्र केल्याचा अपमान खराच होता. पण आंबेडकरांनी अपमान आणि नियम यांची गल्लत होऊ दिली नाही. परकी सत्ता गेली, तरी शेजाऱ्याच्या जिवाची काळजी उरतेच.

अमेरिकेत हा वाद अजून न्यायालयात आहे. 2008 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने घरात बंदूक ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांनी बॉस्टनच्या त्या जुन्या कायद्याचा दाखला दिला होता. 2022 पासून तर बंदुकीवरचा नियम जुन्या परंपरेत बसतो का, हीच कसोटी ठरली आहे. त्यामुळे वकील अडीचशे वर्षांपूर्वीचे गावगाड्याचे नियम धुंडाळत आहेत.

आपली परंपरा शोधायला निघालो, तर हाती 1878 आणि 1884 हे दोन्ही कायदे येतील. दोन्ही इंग्रजांचे. परवान्याच्या कचेरीत उद्या कुणाला अर्ज मंजूर होतो, कुणाला नाही, हे पाहाल तेव्हा त्या निर्णयामागे यांतला कोणता कायदा उभा आहे, तेही बघा.