खेळ आणि कौल : ठाणे-कल्याण परिसरातील नवरात्राच्या दोन प्रथा

ठाणे-कल्याण परिसरातील भातशेती करणाऱ्या घरांत नवरात्र हे दोन प्रश्नांचे पर्व होते. पहिला प्रश्न पिकाचा. घटस्थापनेस पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरीत व मधोमध पाण्याचा घट ठेवीत. दसऱ्यापर्यंत अंकुर दाट व उंच आले तर वर्ष सुगीचे, विरळ आले तर ओढीचे, असा कौल वडीलधारी माणसे सांगत. दुसरा प्रश्न खिरापतीचा. या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात असतो. त्या नावावरून लोकमानसाने हत्ती कल्पिला; पाटावर त्याचे चित्र मांडून मुली भोंडल्याचा फेर धरीत आणि गाणी संपल्यावर झाकलेली खिरापत ओळखीत.

आयर्लंडच्या खेड्यांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री खेळ हाच कौल असे. पावात दडविलेली अंगठी जिच्या वाट्यास येई, तिचे लग्न प्रथम होणार, असा समज होता. भोंडल्यात मात्र दैवाला प्रश्न नाही. उत्तर झाकणाखाली असते आणि ते घरच्या गृहिणीस ठाऊक असते. कौल घटाकडे आणि खेळ मुलींकडे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचा परिणाम लिखित साधनांवरही झाला. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागविली होती. १९०९ मध्ये त्यांचा वध झाल्यावर एन्थोवेन यांनी ती संपादिली. कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील मास्तरांचीही उत्तरे आहेत. प्रश्नांचा रोख दैवते, भुते, नवस, शकुन यांवर होता. आयर्लंडात १९३७-३८ मध्ये हेच काम शाळकरी मुलांवर सोपविले गेले. त्यांनी घरच्या वृद्धांना विचारून वह्या भरल्या. त्यामुळे चुलीपाशी चालणारे खेळही त्या वह्यांत उतरले. मास्तर प्रश्नावलीस उत्तर देतो, मूल आजीस विचारते. हा भेद अल्प नव्हे.

कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. २००२ मध्ये वगळलेली २७ गावे २०१५ मध्ये पुन्हा तिच्या हद्दीत आली. या पट्ट्यात अनेक खाचरांवर इमारती उभ्या आहेत. घटात अंकुर आजही येतात. परंतु ज्या पिकाविषयी ते बोलत, ते पीक पुष्कळ घरांस उरलेले नाही. भोंडला शाळांत आणि इमारतींच्या अंगणांत टिकला, कारण त्याचा प्रश्न शेतावर अवलंबून नव्हता. कौलाची नोंद कागदावर सापडते; खेळाची नोंद मुख्यतः तो खेळलेल्या स्त्रियांच्या स्मरणात आहे, आणि संशोधनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.