सफरचंदाचा कोंडलेला श्वास

झाडावरून उतरवलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं, साठवलेली साखर जाळून जगत असतं. माँपेल्येचे रसायनशास्त्रज्ञ झाक एत्येन बेरार यांनी 1821 च्या सुमारास दाखवून दिलं, की प्राणवायू काढून घेतला तर फळ पिकतच नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं त्यांचा गौरवही केला. पण त्यावर मोठा व्यापार उभा राहायला शतक लोटावं लागलं.

मध्ये एक रोग आला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला बोटीनं येणारी सफरचंदं बाहेरून टवटवीत दिसायची, कापली की आतून तपकिरी! ना किडीचा पत्ता, ना बुरशीचा. केंब्रिजच्या फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी 1923 च्या अहवालात कारण सांगितलं: बंद तळघरात फळांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचत होता. म्हणजे फळं स्वतःच्याच उच्छ्वासानं आजारी पडत होती.

खरी गंमत पुढे आहे. फळ बिघडवणारा हाच वायू मोजूनमापून ठेवला, तर फळ पिकणं लांबतं! 1927 मध्ये दोघांचा मोठा अहवाल निघाला आणि 1929 मध्ये केंट परगण्यात पहिलं व्यापारी वायुकोठार उभं राहिलं, ब्रॅमली जातीच्या सफरचंदांसाठी. वायू बाहेरून आणायचा नाही, फळंच तो तयार करतात. आपण फक्त झडप किती उघडायची ते ठरवायचं. किती साधी युक्ती!

पण प्राणवायू कमी म्हणजे किती कमी? इथे आपला एक माणूस भेटतो. ओडिशाचे प्राणकृष्ण परिजा केंब्रिजला ब्लॅकमन यांच्या हाताखाली सफरचंदं नुसत्या नायट्रोजनमध्ये ठेवून त्यांचा श्वास मोजत होते. ते काम 1928 मध्ये छापून आलं. पुढे ते उत्कल विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

प्राणवायू संपत आला की फळ आंबवणीवर उतरतं. ग्लुकोजच्या एका रेणूतून एरवी तीसेक एटीपी, म्हणजे पेशीची खर्चायची नाणी, मिळतात. आंबवणीत फक्त दोन. एवढ्यात घर चालणार कसं? पेशीतल्या पडद्यांची डागडुजी थांबते, ते गळू लागतात, वेगवेगळ्या कप्प्यांतली फिनॉल द्रव्यं आणि विकरं एकत्र येतात, आणि गर तपकिरी होतो.

जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 साली कॉन्फरन्स जातीच्या नासपतीत हे एटीपी प्रत्यक्ष मोजलं. जिथे ते घसरलं, तिथे गर तपकिरी झालेला आढळला. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे नुसत्या मोजणीवरून ठरत नाही, पण माझा कल ऊर्जेच्या बाजूनं आहे. कारण फळाला आधी थोडी सवड दिली तर नुकसान कमी होतं. म्हणूनच बेल्जियम-नेदरलँड्सचे बागायतदार ही नासपती आधी काही आठवडे साध्या थंड हवेत ठेवतात. प्राणवायू उतरवायचा तो त्यानंतर.