विकायचाच आहे, तर दुरुस्त कशाला?

पुण्यातल्या पेठांमध्ये ज्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे, त्यांच्या घरी हा वाद कधी ना कधी होतोच. आमच्याकडे गेलं वर्षभर चालू आहे. थोरल्या काकांचं म्हणणं, "घराला रंगरूप आलं की गिऱ्हाईक चार पैसे जास्त देईल." चुलतभाऊ म्हणतो, "पडणाऱ्या घरात पैसे कोण घालतं?" मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. जुनी प्रणाली सुधारावी की फेकून नवी लिहावी, यावर आम्ही ऑफिसातही आठवडेच्या आठवडे भांडतो. तिथला एक धडा असा, की आधी ती अशी का झाली ते बघावं. म्हणून काही शनिवार-रविवार वाड्याच्या इतिहासात घातले.

वाडा म्हणजे मुळात काय? दगडी जोतं, त्यावर सागवानी खांबांचा सांगाडा, खांबांमध्ये विटामातीच्या भिंती, आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खोली किती मोठी हे खणांत सांगायचे. हा सांगाडा भक्कम, पण त्याला दोन शत्रू. एक आग. 1828 मध्ये शनिवारवाडा जळाला, 1879 मध्ये बुधवारवाडा. दुसरा शत्रू पाणी. कौलं दरवर्षी पावसाळ्याआधी चाळली नाहीत तर पाणी मातीत मुरतं, माती जड होते, कडीचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं, आणि वरून धडधाकट दिसणारं छत एके दिवशी खाली येतं. थोडक्यात, वाडा ही एकदा बांधून विसरायची वस्तू नव्हेच. त्याला दरसाल थोडा थोडा खर्च लागतो.

मग हा खर्च थांबला कधी आणि का?

आपण लगेच म्हणतो, "मालकांनी लक्ष दिलं नाही." पण हिशोब बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई झाली, भाडी भडकू नयेत म्हणून निर्बंध आले, आणि पुढे 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात प्रमाणभाड्याचा आधार होता 1 सप्टेंबर 1940 रोजीचं भाडं. हेतू चांगलाच होता. शहरात येणाऱ्या कारकून, शिक्षक, कामगारांना डोक्यावर छप्पर त्यामुळेच टिकलं. पण कायद्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आणि भाडं जवळपास तिथंच राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. नंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, अमलात 31 मार्च 2000 पासून. त्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण मूळ भाडं 20 रुपये असेल, तर वाढीवर वाढ धरूनही 25 वर्षांनी ते होतं 53 रुपये! एवढ्यात कौलं चाळणाऱ्या गड्याचा चहा-वडापाव होईल.

म्हणजे मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि भाडेकरूने तरी दुसऱ्याच्या मालकीच्या घरात किती पैसे घालावेत? दोघेही आपापल्या जागी शहाण्यासारखे वागले आणि मधल्या मध्ये वाडा खचला.

त्यात 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा पेठांतले कितीतरी मातीचे वाडे पाण्यात बसले. गोखलेनगर, लोकमान्यनगरसारख्या वसाहती त्यानंतर उभ्या राहिल्या. पुण्याला नदीपलीकडे राहायची सवय लागली आणि पेठेतलं घर 'जुनं' झालं.

आता विक्रीकडे येऊ. 1905 मध्ये टिळकांनी गायकवाडांकडून वाडा घेतला तो राहायला आणि 'केसरी' चालवायला. घेणाऱ्याला वास्तू हवी होती. आज आमच्याकडे येणारा माणूस दारातली महिरप बघतही नाही. तो विचारतो तीन गोष्टी : जागा किती, समोरचा रस्ता किती रुंद, भाडेकरू किती. रस्त्याच्या रुंदीवर बांधकाम किती करता येईल ते ठरतं, आणि भाडेकरूंना किती जागा द्यायची ते वजा करून तो आकडा सांगतो. आपण लावलेल्या नव्या फरशीची त्याच्या हिशोबात किंमत शून्य. उलट ती फोडायचा खर्च!

"पडू द्या, म्हणजे भाडेकरूही जातील" हा सल्ला पेठेत फुकट मिळतो. तो खोटा आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारत पडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, कारण तो खालच्या जमिनीशीही जोडलेला असतो. आणि समजा खरा असता, तरी काय? आमच्याकडे मागच्या दोन खोल्यांत एक आजी राहतात. त्यांच्या डोक्यावर ती कुजकी कडी आहे. मी त्यांच्या हातचे लाडू खाऊन वाढलो.

अजून एक प्रश्न, जो बैठकीत कुणी काढत नव्हतं : पैसे घालायचे कुणी? 1956 च्या वारसा कायद्यात मुलीला वाटा होता, पण राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क नव्हता. भावांनी वाटणी केली तरच तिला हिस्सा मिळे. ती अट 2005 मध्ये गेली. म्हणजे आत्या आता बरोबरीने हिस्सा मागू शकते. काकांनी एकट्याने लाखो रुपये घातले, तर विक्रीच्या वेळी ते वळते करून कसे घ्यायचे? लेखी ठरलं नसेल तर भावंडांत कायमचं वाकडं येणार.

तेव्हा माझं मत बनलं ते असं. नूतनीकरण नको : रंग, फरशी, नवं स्वयंपाकघर, काहीही नको. हे सगळं राहणाऱ्यासाठी असतं, आणि घेणारा इथे राहणार नाही. फ्लॅट विकायचा असता तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. पण दुरुस्ती हवी, तीही या पावसाळ्याआधी : कौलं चाळणं, कुजलेल्या कड्यांना टेकू, जिन्याच्या दोन पायऱ्या. हा खर्च किमतीत परत येणार नाही, तो माणसांसाठी आहे. त्याबरोबर मिळकतपत्रिकेवर सगळ्या वारसांची नावं, आत्याची सही, आणि भाडेकरूंशी लेखी करार. माझ्या मते भाव वाढला तर या कागदांनीच वाढेल.

काकांना हे पटायला दोन बैठका लागल्या. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, पण ती महिरप मी नेणार." आत्या म्हणाली, तिलाही हवी आहे. आता वाद त्यावर आहे. असो.