टॉकीजची गर्दी कुठे गेली? अमरावती-अकोल्याच्या पडद्यामागचं तंत्रज्ञान

अमरावतीत नवखा माणूस पत्ता विचारतो, तेव्हा त्याला राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक अशी नावं सांगितली जातात. ही सगळी टॉकीजची नावं. अकोल्यात टिळक रोडवर जायचं असेल तर 'माणेक टॉकीजजवळ' एवढं पुरतं. शहरांचे पत्ते टॉकीजवर चालतात, पण टॉकीजच्या खिडकीवर पूर्वीसारखी रांग काही दिसत नाही. 'काहून जात नाही बे आता कोणी टॉकीजात?' या प्रश्नाला बहुतेक जण एकच उत्तर देतात, मोबाइल. ते अर्धंच खरं आहे. मोबाइलच्या आधीही तंत्रज्ञानाने टॉकीजचा धंदा एकदा आतून बदलला होता, आणि तो बदल आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

आधी आकडे बघू. ऑरमॅक्स मीडिया ही संस्था दरवर्षी देशभरातल्या तिकीटविक्रीचा अंदाज काढते. त्यानुसार 2019 मध्ये भारतात सुमारे 103 कोटी तिकिटं विकली गेली, 2024 मध्ये 88 कोटींच्या आसपास. देशाची लोकसंख्या 140 कोटींच्या वर, म्हणजे वर्षाला माणशी एक तिकीटही नाही. गंमत अशी की याच काळात कमाई साधारण 10,950 कोटींवरून 11,800 कोटींवर गेली. लोक कमी झाले, पण जे गेले त्यांनी जास्त पैसे मोजले. त्यामुळे 'सिनेमाने इतके कोटी कमावले' अशी पोस्ट दिसली की टॉकीज भरलेली होती असं समजू नका.

पेटी यायची तो काळ

सिनेमाच्या व्यापारात देशाचे भाग पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात. विदर्भ येतो 'सीपी-बेरार' सर्किटमध्ये. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाडच. इंग्रज गेले, प्रांत गेला, पण बॉक्स ऑफिसच्या तक्त्यात हे नाव अजून टिकून आहे. (मराठवाडा तर तिथे अजूनही 'निजाम'मध्ये!) या सर्किटमधलं वितरणाचं एक मोठं केंद्र म्हणजे अमरावती. वितरकांची ऑफिसं इथे होती आणि आजूबाजूच्या गावांना सिनेमाची पेटी इथून सुटायची.

पेटी म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मची रिळं. एका मिनिटाला 90 फूट फिल्म लागते. तीन तासांचा सिनेमा म्हणजे 16,200 फूट, जवळपास पाच किलोमीटर लांबीची पट्टी! अशी एक प्रिंट काढायला 50-60 हजार रुपये लागायचे, म्हणून प्रिंट मोजक्याच निघायच्या. आधी मोठ्या शहरात चालायच्या, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. शेवटी पोचेपर्यंत पट्टीवर ओरखडे पडलेले असायचे. पण तोवर सिनेमा बघायला दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे एकच सिनेमा आठवडेच्या आठवडे चालायचा आणि ज्याला पहिल्या आठवड्यात जमलं नाही तो चौथ्या आठवड्यात जायचा.

डीसीपी आणि केडीएम म्हणजे काय?

2005 नंतर यूएफओ मूव्हीज आणि क्यूब या कंपन्यांनी देशातल्या टॉकीजमध्ये डिजिटल प्रोजेक्टर आणि सर्व्हर बसवायला सुरुवात केली. आता सिनेमा फाइल म्हणून येतो, हार्ड डिस्कवर किंवा थेट सॅटेलाइटवरून. मल्टिप्लेक्समध्ये चालणाऱ्या अशा फाइलसंचाला डीसीपी म्हणतात. त्यात प्रत्येक फ्रेम वेगळी साठवलेली असते, म्हणून एका सिनेमाचा आकार शंभर-दोनशे जीबी सहज होतो. ही फाइल कुलूपबंद असते. तिची किल्ली म्हणजे केडीएम. ती ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक तारखांपुरतीच चालते. मुदत संपली की फाइल टॉकीजमध्ये असूनही पडद्यावर काही दिसत नाही.

याचा फायदा आपल्याला मोठा झाला. मुंबईत लागणारा सिनेमा त्याच शुक्रवारी अकोल्यातही लागू लागला, तोही स्वच्छ चित्रात. पण सगळीकडे एकदम लागल्यामुळे कमाईसुद्धा पहिल्या तीन-चार दिवसांत गोळा व्हायला लागली. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा तयार. चौथ्या आठवड्याचा प्रेक्षक तसाच राहिला, फक्त त्याच्यासाठी सिनेमाच उरला नाही. तो गेला कुठे, हे पुढे कळतं.

ओटीटी विंडो

टॉकीजमध्ये लागल्यापासून ओटीटीवर येईपर्यंतच्या काळाला विंडो म्हणतात. हिंदी सिनेमासाठी मल्टिप्लेक्सवाले आठ आठवड्यांचा आग्रह धरतात. कोरोनाच्या काळात ती चारवर आली होती. मे 2025 मध्ये 'भूल चूक माफ'वरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर तो सिनेमा टॉकीजमध्ये लागल्यावर दोनच आठवड्यांत ओटीटीवर आला.

माझ्या मते सगळा खेळ या विंडोचा आहे. पूर्वी थांबायचं म्हणजे टीव्हीवर लागेपर्यंत कितीतरी महिने थांबायचं, आणि मग जाहिरातींसकट बघायचं. आज थांबायला काहीच पडत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. डिसेंबर 2021 पासून नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन महिन्याला 149 रुपयांना मिळतो. समजा, चौघांचं कुटुंब 150 रुपयांच्या तिकिटाने गेलं: 600 रुपये तिकिटांचे, वर ॲपचं बुकिंग शुल्क, पॉपकॉर्न, पेट्रोल. हजाराची नोट असती तर तीही मोडली असती. एवढं मोजण्याआधी कोणीही विचारणारच, 'दोन महिन्यांनी येईल ना मोबाइलवर?'

त्यात कोरोनाने सवय मोडली. मार्च 2020 मध्ये टॉकीज बंद झाल्या, नोव्हेंबरमध्ये अर्ध्या क्षमतेने उघडल्या. दुसरी लाट राज्यात आधी आपल्याकडे उसळली. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, तेव्हा पुण्या-मुंबईत व्यवहार सुरू होते. राज्यभरातल्या टॉकीज परत उघडल्या त्या 22 ऑक्टोबर 2021 ला. दीड वर्षात घरोघरी स्मार्ट टीव्ही आणि ओटीटीचे पासवर्ड पोचले होते. अकोल्याच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की थंड हवेसाठी टॉकीजमध्ये बसायची एक सोय होती. आता घरोघरी कूलर आहे, एसीसुद्धा हप्त्यावर मिळतो.

मग 'छावा'ला गर्दी कशी?

2016 चा 'सैराट', 2025 चा 'छावा', यांना लोक झुंडीने गेले. कारण हे सिनेमे लगेच बघायचे होते. थांबलं तर कट्ट्यावरच्या गप्पांत आपण बाहेर. ज्या सिनेमाबद्दल अशी घाई वाटत नाही, तो थेट मोबाइलच्या यादीत जातो.

याचा मार सगळ्यात जास्त बसतो तो मधल्या आकाराच्या सिनेमाला, त्यातही मराठीला. असा सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर चालतो आणि तोंडी प्रसिद्धीला वेळ लागतो. 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याचा निर्णय घेतला. पण शो मिळाला तरी बुकिंग नसेल तर तो रद्द होतो, आणि 'चांगला आहे म्हणे' हे आपल्यापर्यंत पोचेपर्यंत सोमवार उजाडलेला असतो.

काही प्रयोग सुरू आहेत. आमिर खानने 'सितारे जमीन पर' टॉकीजनंतर ओटीटीला न देता 1 ऑगस्ट 2025 पासून यूट्यूबवर 100 रुपये भाड्याने ठेवला. घरातले किती जण बघतात याला हिशोब नाही, भाडं तेवढंच. दुसरीकडे 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला; त्यावरच्या तिकिटाला 18 टक्के कायम आहे. म्हणजे 100 रुपयांच्या आतलं तिकीट ठेवणाऱ्या साध्या टॉकीजला थोडी जागा मिळाली आहे. पुढच्या वेळी बुक करताना आपल्या गावातल्या एकपडदा टॉकीजचा दरही एकदा बघून घ्या.