स्तन-कर्करोग तपासणी, स्वीडनच्या दोन परगण्यांतील
स्तनाच्या कर्करोगाची लक्षणे जाणवण्यापूर्वीच क्ष-किरण चित्रणाने (मॅमोग्राफीने) त्याचा शोध घेतल्यास मृत्यू टळतात किंवा कसे, हे ठरविण्यासाठी स्वीडनमध्ये हाती घेण्यात आलेली चाचणी. तपासणीत किती कर्करोग सापडले, यावरून अशा कार्यक्रमाचे यश ठरत नाही. निदान लवकर झाले की निदानोत्तर आयुष्य आपोआप लांबलेले दिसते. मृत्यूची वेळ मात्र तीच राहू शकते. शिवाय मंदगतीने वाढणारे कर्करोग ठराविक कालांतराने केलेल्या तपासणीत अधिक सापडतात. त्यामुळे तपासणीसाठी बोलावलेल्या व न बोलावलेल्या तुल्य गटांतील मृत्युप्रमाणांची तुलना आवश्यक ठरते.

अशी पहिली मोठी चाचणी १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाली. परंतु तीत हस्तपरीक्षाही अंतर्भूत असल्याने केवळ चित्रणाचा लाभ वेगळा काढता येत नव्हता. स्वीडनमध्ये कॉपरबर्ग (सध्याचा दालार्ना) परगण्यात १९७७ मध्ये व ऑस्टरयोटलांडमध्ये १९७८ मध्ये केवळ चित्रणावर आधारित चाचणी सुरू झाली. ४० ते ७४ वर्षे वयाच्या सु. १,३३,००० स्त्रियांपैकी सु. ७७,००० स्त्रियांना निमंत्रित करण्यात आले. ही विभागणी व्यक्तिशः न करता वस्तीच्या विभागांनुसार यदृच्छया केलेली होती. बोलावूनही न आलेल्या स्त्रियांची गणना निमंत्रित गटातच करण्यात आली. अन्यथा स्वेच्छेने येणाऱ्या स्त्रियांमुळे तुलना एकांगी झाली असती.

लास्लो तबार व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार निमंत्रित गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. ४० ते ४९ या वयोगटात मात्र लाभ दिसून आला नव्हता. ब्रिटनमधील फॉरेस्ट समितीने १९८६ च्या आपल्या अहवालात या निष्कर्षांचा आधार घेतला व १९८८ पासून तेथे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

पुढे मृत्यूचे कारण कोणी व कसे ठरविले, यावर वाद उद्भवला. पीटर गट्शे व ओले ऑल्सेन यांनी २००० मध्ये या चाचण्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ वर्षांच्या पाठपुराव्यात स्थानिक समितीच्या निर्णयानुसार घट ३१ टक्के, तर स्वतंत्र समितीच्या निर्णयानुसार २७ टक्के आढळली. तपासणीत सापडणारे काही कर्करोग कधीही प्राणघातक ठरले नसते. तथापि ते कोणत्या स्त्रीच्या बाबतीत, हे निदानसमयी सांगता येत नसल्याने सर्वांवरच उपचार होतात. म्हणून टळलेल्या मृत्यूंबरोबरच अनावश्यक शस्त्रक्रियांची गणना हाही अशा मूल्यमापनाचा आवश्यक भाग होय.