रिकामी खुर्ची आणि रांगेचा नियम

आज एका तारखेपासून सुरुवात करू. ६ नोव्हेंबर १९५१. या दिवशी भारताचे पहिले सरन्यायाधीश हरिलाल कणिया यांचं पदावर असतानाच निधन झालं. तीनच दिवसांपूर्वी त्यांना एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. निवृत्तीचं वय पासष्ट, म्हणजे हाताशी अजून चार वर्षं होती. प्रजासत्ताकाला दोन वर्षंही झालेली नव्हती आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान नुकतंच सुरू झालेलं होतं. आपल्या उदगीरचा त्या दिवशीचा पत्ता काय? राज्य हैदराबाद, जिल्हा बीदर. इथल्या माणसाचं अपील हैदराबादच्या हायकोर्टात जायचं आणि त्याच्याही वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. त्या सर्वांत वरच्या न्यायालयाची मुख्य खुर्ची एका दिवसात रिकामी झाली.

आता प्रश्न असा, की तिच्यावर कुणाला बसवायचं आणि हे ठरवायचं कुणी?

आपण संविधान उघडून बघू. कलम १२४ सांगतं, की न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती करतील. आणि सरन्यायाधीश सोडून इतर न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यायलाच हवा. पण खुद्द सरन्यायाधीश कसा निवडायचा? ज्येष्ठ असावा, की हुशार असावा, की बाहेरून आणावा? याबद्दल तिथं एक अक्षर नाही. कलम १२६ हंगामी सरन्यायाधीशाची सोय करतं, पण तो कोण असावा हेही राष्ट्रपतींवर, म्हणजे व्यवहारात सरकारवर, सोपवलेलं आहे. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली. नेमणुकांना सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी, अशी सूचना काहींनी मांडली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी अखेर माणूसच. आपल्यासारखेच गुणदोष आणि आवडीनिवडी त्यालाही असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नेमणुकीचा पूर्ण अधिकार त्यांनी कुणा एकाच्याच हाती दिला नाही, ना सरकारच्या, ना न्यायाधीशाच्या. मात्र सरन्यायाधीशाच्या खुर्चीपुरती जागा मोकळी राहिली, आणि पुढचा सगळा इतिहास त्या मोकळ्या जागेत घडला.

१९५१ मध्ये काय झालं? कणियांच्या खालोखाल ज्येष्ठ होते पतंजली शास्त्री. दुसऱ्या कुणाला आणावं असा विचार सरकारच्या मनात होता, आणि तसं झालं तर राजीनामे देऊ असं इतर न्यायमूर्तींनी कळवलं, अशी हकीकत कायद्याच्या वर्तुळात वर्षानुवर्षं सांगितली जाते. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. जे घडलं ते असं, की दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, पतंजली शास्त्री सरन्यायाधीश झाले. कुठं लिहिलेला नसलेला ज्येष्ठतेचा नियम एका मृत्यूच्या प्रसंगी पाळला गेला आणि तिथून तो प्रथा बनला.

शास्त्री हे सरकारला सोयीचं नाव होतं का? १९५० मध्ये ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयानं उठवली, तो बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिलेला. अशा निकालांमुळं तर सरकारला १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. आणि गंमत अशी, की ती घटनादुरुस्ती वैध ठरवणारा ऑक्टोबर १९५१ चा शंकरीप्रसाद निकालही त्यांचाच! एकच माणूस एकदा सरकारच्या विरुद्ध गेला, एकदा बाजूनं. न्यायाधीश कुणाचा, या प्रश्नाला खरं उत्तर हेच, की कुणाचाच नाही.

इथं आणखी एक धागा आपल्या गावापर्यंत येतो. शास्त्रींच्याही आधी सय्यद फझल अली हे ज्येष्ठ होते. पण १८ सप्टेंबर १९५१ रोजी ते वयोमानानं निवृत्त झाले होते. कणियांचा मृत्यू त्यानंतर सात आठवड्यांनी. मग पुढं हे फझल अली कोणत्या कामाला लागले? राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष झाले. हैदराबाद राज्य विभागून त्यातला मराठी मुलूख मुंबई राज्याला जोडावा, ही शिफारस १९५५ मध्ये त्यांच्याच आयोगानं केली. १ नोव्हेंबर १९५६ ला उदगीर बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात आलं, ते या वाटेनं. जन्मतारखा आणि निवृत्तीच्या तारखा यांच्या खेळात कोण कुठल्या खुर्चीवर जातो, हे पाहिलं की ज्येष्ठता म्हणजे काय ते ध्यानात येतं. ज्येष्ठता हा गुण नव्हे. ती एक प्रकारची सोडत आहे. प्राचीन अथेन्समध्ये न्यायसभेवरचे लोक चिठ्ठ्या टाकून निवडत. आपण नेमणुकीच्या दिवशीच चिठ्ठी टाकून ठेवतो आणि ती पुष्कळ वर्षांनी उघडतो, एवढाच फरक.

मग अशा सोडतीला मान का द्यायचा? आपल्याकडचा पोळा आठवा. वेशीत बैल जमतात आणि मानाचा बैल आधी जातो. तो गावातला सर्वांत धिप्पाड बैल असतो असं नाही. उद्या ‘सर्वांत चांगला बैल आधी’ असं ठरवलं, तर वेशीतच लाठ्या निघतील; कारण चांगला कोणता, हे ठरवणारा कोण? क्रम आधीच ठरलेला असल्यानं भांडण टळतं. हो, पण मानाच्या प्रथेत पिढ्यानपिढ्यांचा अन्यायही दडलेला असतो, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. ठरलेला क्रम शांतता देतो, न्याय देईलच असं नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकदम धरून चालणं हीच खरी अडचण आहे.

योग्यतेच्या बाजूनंही कुणी हलकी माणसं बोलत नव्हती. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १९५८ मध्ये स्पष्ट लिहिलं, की केवळ ज्येष्ठ म्हणून सरन्यायाधीश करू नये. योग्यता आणि कारभाराची कुवत बघावी. कागदावर हे बिनतोड आहे. ज्येष्ठतेच्या रांगेमुळं काहींच्या वाट्याला फार थोडे दिवस येतात. १९९१ मध्ये कमल नारायण सिंह यांना पुरते तीन आठवडेही मिळाले नाहीत. एवढ्या दिवसांत माणूस कोणती सुधारणा करणार? शिवाय अमेरिकेचं उदाहरण आहेच. तिथं सप्टेंबर १९५३ मध्ये मुख्य न्यायाधीश व्हिन्सन वारले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांना आणलं. हा गृहस्थ आधी कधी न्यायाधीश नव्हता. पण मे १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा एकमुखी निकाल त्याच्याच न्यायालयानं दिला. निवड मोकळी असली की कधी कधी असं सोनंही हाती लागतं.

कधी कधी. बाकीच्या वेळी काय होतं, ते आपण १९७३ मध्ये पाहिलं. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं, की शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश होणार. तिघंही बहुमताच्या बाजूचे, राय अल्पमतातले. तिघांनी राजीनामे दिले. आणि मंत्री कुमारमंगलम यांनी लोकसभेत आधार कशाचा दिला? त्याच १९५८ च्या अहवालाचा! न्यायाधीशाची वैचारिक बैठक बघण्याचा सरकारला हक्क आहे, असंही ते म्हणाले. योग्यता हा शब्द तोच. पण तो आयोगाच्या टेबलावरून सरकारच्या टेबलावर गेला आणि त्याचा अर्थ पालटला.

अपवाद कधीच करू नये का? १९६४ बघा. सय्यद जाफर इमाम ज्येष्ठ होते, पण आजारामुळं काम करण्याच्या स्थितीत नव्हते. ते निवृत्त झाले आणि साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. त्यावर वादळ उठलं नाही. १९६४ आणि १९७३ मध्ये फरक काय? पहिल्या वेळचं कारण न्यायमूर्तीच्या निकालांशी जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी जोडलेलं होतं. आपल्या खेड्यातला अडाणी माणूसही विचारेल, ज्याचा बांधाचा वाद, त्यानंच पंच निवडायचा का? सरकार हा देशातला सर्वांत मोठा पक्षकार आहे. सातबारापासून स्थानबद्धतेपर्यंत सगळीकडं एका बाजूला तेच उभं असतं.

स्थानबद्धतेचं नाव काढलं म्हणून पुढचं सांगतो. आणीबाणीत घरातला कर्ता माणूस ‘मिसा’खाली उचलून नेला, तर बायकोनं कुठं जायचं? देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, आमच्याकडं या, आम्ही ऐकू. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं तोही दरवाजा लावला. चौघांत राय, बेग, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड आणि भगवती. विरुद्ध मत एकट्या हंसराज खन्ना यांचं. जानेवारी १९७७ मध्ये राय निवृत्त झाले. पाळी खन्नांची होती. जुलैमध्ये तेही निवृत्त व्हायचे होते, म्हणजे प्रश्न पाचसहा महिन्यांचाच. तेवढंही त्यांना दिलं नाही. बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला.

आता खरी कसोटी येते, ती १९७८ ची. सरकार बदललेलं. पंतप्रधान मोरारजी देसाई स्वतः आणीबाणीत स्थानबद्ध होते. बेग निवृत्त होत होते आणि पाळी होती चंद्रचूडांची. ज्यांनी दरवाजा लावणाऱ्यांत मत दिलं, त्यांची. मुंबईतल्या काही ज्येष्ठ कायदेपंडितांनी मागणी केली, की यांना नेमू नका. मागणीत सूडच होता असं म्हणता येणार नाही; तुरुंगात गेलेल्या माणसांचा नैतिक राग तिच्यात होता. शेलत, हेगडे, ग्रोव्हर, खन्ना यांना डावलणारे चूक होते. पण इथं डावलायला कारण तरी भक्कम आहे, असं कुणालाही वाटलं असतं. तरीही सरकारनं रांग पाळली. २२ फेब्रुवारी १९७८ ला चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून अधिक काळ राहिले. इतका दीर्घ काळ आजवर कुणालाच मिळालेला नाही.

पुढं १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात याच चंद्रचूडांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतली कलमं रद्द करून मूळ चौकटीचा सिद्धान्त घट्ट केला. केशवानंदमध्ये ते अल्पमतात होते, बरं का! पण निकाल चांगला लागला म्हणून नेमणूक बरोबर होती, असं आम्ही म्हणणार नाही. ती मागाहून हिशेब जुळवण्याची लबाडी झाली. मिनर्व्हाचा निकाल उलटा लागला असता तरी १९७८ चा निर्णय बरोबरच ठरला असता. नियम आपल्या माणसाला लाभ देतो तेव्हा त्याची परीक्षा होत नाही. ज्याच्या निकालानं आपल्याला तुरुंगात ठेवलं, त्याला लाभ देतो तेव्हा होते. आणि चुकीचा निकाल दुरुस्त करायची जागा नेमणूक नव्हे, पुढचा निकाल. १९७६ चा तो निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं मोडीत काढला; ते लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय हेही होते.

आज नियम थोडा पक्का झाला आहे. १९९३ च्या निकालानंतर, जो ज्येष्ठ आणि योग्य त्यालाच नेमायचं असं ठरलं, आणि मावळत्या सरन्यायाधीशांनी नाव सुचवायचं ही कार्यपद्धती लिहिली गेली. पण मृत्यू आला तर नाव सुचवायला मावळता सरन्यायाधीश असतोच कुठं? सव्यसाची मुखर्जी सप्टेंबर १९९० मध्ये लंडनमध्ये वारले, पदावर असताना गेलेले ते दुसरे. त्यांच्या जागी रंगनाथ मिश्र, म्हणजे पुढचे ज्येष्ठ, आले. अशा रात्री सल्ला नसतो, वेळ नसतो, दिल्लीत कुजबुज मात्र असते. तेव्हा खुर्ची आपोआप भरणारा मुका नियमच उपयोगी पडतो.

मराठी माणसासमोर न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. ते साहजिक आहे. नारायणरावांच्या खुनानंतर सत्तेसमोर ताठ उभा राहून पद सोडणारा माणूस दुसरा कुठला आठवणार? पण रामशास्त्री मिळतील या भरवशावर राज्य चालवता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, सोडत कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यात नुसत्या आत टाकलेल्याच चिठ्ठ्या निघतात. ज्येष्ठतेचा नियम शेवटच्या पायरीवरची ढवळाढवळ थांबवतो. पहिल्या पायरीवर कोण चढतो, हे तो बघत नाही. आज पंचेचाळिशीतला कोणता वकील उच्च न्यायालयात घेतला जातो, त्याच्या घरात आधी वकिली होती का, तो तालुक्याच्या कोर्टातून आला का, बाई आहे की पुरुष, यातूनच वीस वर्षांनंतरचा सरन्यायाधीश ठरतो. डावललं गेलं की आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि चिडतो. जो रांगेत कधी उभाच राहू शकला नाही, त्याची बातमी होत नाही. उदगीरच्या कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्या पोरापोरींच्या दृष्टीनं बघाल, तर खरा प्रश्न तिथं आहे. त्यावर आता आपण प्रश्नोत्तरांत बोलू.