रेंज फुल, बारी लांब

दिवाळीत लेकरंबाळं जमली की आमच्या बुलढाण्याच्या घरचं वाय-फाय मान टाकतं. यंदाही तेच. मोबाईलच्या कोपऱ्यात सगळ्या काड्या भरलेल्या आणि पडद्यावर नुसती चकरी फिरतेय. मी खुर्चीवर चढून राउटर फडताळावर ठेवला, तीनदा बंद-चालू केला. आत्या खाली बसून तांदूळ निवडत होती, आदल्याच दिवशी शेगावहून दर्शन करून आलेली. म्हणाली, "रेंज त फुल हाये नं रे बापू. बारी लांब झाली असन."

शेगावात दर्शनाच्या रांगेला दर्शनबारी म्हणतात. वऱ्हाडात बारी म्हणजे रांग, आणि बारी म्हणजे पाळीही. मला मात्र त्या वाक्यात वेगळंच ऐकू आलं : रेंज आणि रांग. वाय-फाय राहिलं बाजूला, मी कोश काढून बसलो.

इंग्रजी 'रेंज'चा जुना अर्थ रांग हाच. आधी माणसांची ओळ, मग तोफेच्या गोळ्याचा पल्ला, नंतर डोंगरांची ओळ आणि शेवटी रेडिओलहरींचा पल्ला. बुलढाणा वसलं आहे तीही अजिंठ्याची डोंगररांगच. इंग्रजाच्या नकाशात 'अजंता रेंज'. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचांना तो दिला फ्रँक लोकांच्या 'ह्रिंग'नं, म्हणजे कड्यानं, वर्तुळानं. इंग्रजीतली 'रिंग' त्याच घरची. म्हणजे तिकडे रिंग आणि रेंज, इकडे रिंगण आणि रांग! त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी फुगा फुटला. जर्मन-इंग्रजी घराण्यातल्या शब्दारंभीच्या 'ह'समोर संस्कृतात 'श' किंवा 'क' उभा राहतो : हंड्रेड आणि शत, हॉर्न आणि शृंग, हाउंड आणि श्वान. 'ह्रिंग'चा आपल्याकडचा भाऊ असलाच तर तो 'र'नं सुरू होणार नाही. रक्ताचं नातं बाद.

मग उसनवारी? इथे मला असईचा मोह पडला. असई आमच्या जिल्ह्याला लागून, जालन्यात. २३ सप्टेंबर १८०३ला तिथे वेलस्लीशी लढलेलं शिंद्यांचं पायदळ युरोपी अधिकाऱ्यांनी कवायत शिकवून तयार केलेलं. महादजींच्या काळात ही फौज उभी करणारा द बॉइन मूळचा फ्रेंच बोलणाऱ्या सॅव्हॉयचा. फ्रेंचमध्ये सैनिकांच्या ओळीला 'रां' म्हणतात. 'पलटण' बटालियनची की प्लॅटूनची यावर वाद आहे, पण ती आली कवायतीतूनच. मग रांगही का येऊ नये? पण फ्रेंच 'रां'मधला 'ग' लिहिण्यापुरता, उच्चारात नाही. शिपाई शब्द कानानं उचलतो, कागदावरून नाही. मग आपल्या रांगेचा 'ग' कुठून आला? असई सोडून दिली. जीवावर आलं, पण सोडली.

आता माझा पक्ष मांडतो. रांग आपली, रेंज त्यांची, दोघींची भेट झाली ती मोबाईल आल्यावर. पण आपण रेंजला घरात घेतलं ते रांगेची बहीण म्हणूनच. पुरावा लिंगाचा. पाहुण्या शब्दाला मराठी जवळच्या देशी शब्दाचं लिंग देते : बस ती, कारण गाडी ती. रेंज येते, रेंज जाते. का? माझा एक मित्र म्हणतो, 'लाइन'मुळे. वऱ्हाडात वीज गेली की 'लाइन गेली' म्हणतात, त्याच चालीवर रेंज गेली. मान्य. पण लाइन तरी स्त्रीलिंगी कशामुळे? लाइन म्हणजे ओळ, लाइन म्हणजे रांग! फिरून माझ्याच दारात.

आणि आत्याचं निदानही खरं निघालं. १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं जोडली, अलोहानेट. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. दोघांचं एकदम झालं तर दोघांनी थोडं थांबून पुन्हा बोलावं. या गोंधळात हवेची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येई. वाय-फाय तिचीच नात, पण वळण लावलेली : आधी ऐकते, हवा मोकळी असली तरच बोलते. तरी एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं, हा नियम घरगुती राउटरांत कालपरवापर्यंत कायम होता. काड्या सांगतात राउटरचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो. पुढे किती जण उभे आहेत, ते सांगत नाहीत.

आमच्या बारीत नऊ जण होते. लॅपटॉपला राउटरची वायर लावली तर वेग पुरेपूर. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक. मग एकेक यंत्र बंद करत गेलो. फाटकावरचा कॅमेरा बंद केला, थोडा फरक. मागच्या खोलीतला भाच्याचा जुना फोन बंद केला आणि चकरी थांबली! मधे दीड हात जाडीची मातीची भिंत. त्या भिंतीपलीकडून तो फोन दिवाळीचे फोटो वर चढवत होता. सिग्नल क्षीण झाला की यंत्र सावकाश बोलतं. तेवढाच मजकूर सांगायला कितीतरी पट वेळ घेतं आणि मागचे सगळे ताटकळतात. दर्शनबारीत गाभाऱ्यापुढे एकानंच ठाण मांडावं, तसं.

टीव्हीला वायर ओढली, जवळचे फोन ५ गिगाहर्ट्झवर नेले, कारण ती बारी वेगळी; भिंतीपल्याड ती पोचत नाही, पण बैठकीत पुरते. भाच्याला फोटो चढवायला बैठकीत बसवलं. राउटर मात्र फडताळावरच आहे. आत्या म्हणते, धूळ तरी कमी बसते.

उरला प्रश्न लिंगाचा. जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा आणखी कुठे कुणी 'रेंज गेला' म्हणत असेल, तर मला जरूर कळवा. माझी अर्धी कुळकथा तिथेच कोसळेल.